मुक्या फिर्यादीचा खटला

पोस्ट मोठी आहे. दोन भागांत टाकणार होतो, पण पहिल्या भागावर लोक भांडतात आणि दुसरा कुणी वाचत नाही, हा अनुभव आहे. म्हणून एकदमच टाकतोय. चहा घेऊन बसा.

बकरी ईद जवळ आली की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एकात रक्ताचे फोटो असतात आणि खाली 'यांना दयामाया नाही' अशा अर्थाचं काहीतरी. दुसऱ्यात मांजराचं, नाहीतर कुत्र्याचं गोंडस चित्र असतं आणि खाली लिहिलेलं असतं की इस्लामनं १४०० वर्षांपूर्वीच जनावरांना हक्क दिलेत. पहिला मेसेज पाठवणाऱ्यांना उरलेलं वर्षभर जनावर आठवत नाही. आणि दुसरा पाठवणाऱ्यांना, म्हणजे आम्हालाच, तो पुढं ढकलला की आपलं काम झालं असं वाटतं. मी दोन्हीकडच्या ग्रुपांत आहे. पत्रकाराला राहावं लागतं.

यंदा ईदच्या आधीच्या आठवडी बाजारात बातमीसाठी गेलो होतो. भाव काय, आवक किती, नेहमीचीच बातमी. तिथं एक पिकअप उभी होती. मध्ये फळ्या टाकून तिचे दोन मजले केलेले. वर बोकड, खाली बोकड. वरच्यांचं मूत खालच्यांच्या अंगावर. एकाचा पाय दोन फळ्यांच्या फटीत अडकला होता आणि ओरडून ओरडून तो आता गप्प झाला होता. मी गाडीवाल्याला म्हटलं, अहो, हे असं कसं भरलंय? तो काही उर्मट माणूस नव्हता. तंबाखू मळता मळता शांतपणे म्हणाला, "भाऊ, कुणाची तक्रार आहे का?"

तो पाय आम्ही दोघांनी मिळून सोडवला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण इस्लामी कायद्याच्या पुस्तकांत काझी आणि मौलाना लोक शतकानुशतकं याच प्रश्नावर भांडलेले आहेत. जनावराला त्रास झाला तर फिर्याद कुणाची? आणि फिर्यादीच नसेल तर खटला चालवायचा कसा? मेसेजमध्ये हे भांडण कधीच येत नाही. तिथं फक्त गोड गोष्टी येतात.

त्या गोड गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून बुटातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली. दोन्ही गोष्टी बुखारींच्या हदीससंग्रहात आहेत, खऱ्याच आहेत. पण त्या पुण्य आणि पापाच्या गोष्टी आहेत, हिशेब वर होतो. मला जास्त महत्त्वाची वाटते ती उंटाची गोष्ट. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे.

पैगंबरसाहेब मदिनेत एका अन्सारी माणसाच्या बागेत गेले. तिथं एक उंट होता. त्यांना बघून तो कण्हला, डोळ्यांतून पाणी काढलं. त्यांनी त्याच्या कानामागं हात फिरवला तेव्हा तो शांत झाला. मग विचारलं, हा कुणाचा? एक तरुण पुढं आला. त्याला त्यांनी सुनावलं: अल्लाहची भीती नाही का तुला, या जनावरानं माझ्याकडं तक्रार केलीय की तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस.

इथं तक्रार हाच शब्द आहे, मूळ अरबीतही त्याच अर्थाचा. उंट फिर्यादी, पोरगा आरोपी, आणि ऐकून घेणारा समोर उभा. सुनावणी त्याच बागेत, त्याच दिवशी.

पण पैगंबरांनंतर उंटाची भाषा कळणारा कुणी उरला नाही. पुढचा सगळा इतिहास हा त्या रिकाम्या जागेचा इतिहास आहे.

थोडं घरचं सांगतो, म्हणजे मी या विषयात का पडलो ते कळेल. माझे अब्बा टांगेवाले. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, स्टेशन गावापासून लांब, त्यामुळं टांग्यांना धंदा होता. अब्बा चारच सवाऱ्या घ्यायचे. बाकीचे टांगेवाले सहा-सहा, जत्रेच्या दिवशी आठ. अब्बांना लोक वेड्यात काढायचे. एकदा अब्बा तापानं पडले होते आणि उरूस होता. मी आठवीत. टांगा मी काढला आणि सात सवाऱ्या भरल्या. पुलाच्या चढावर घोड्याचे पुढचे पाय घसरले, गुडघे सोलले. घरी आल्यावर मला वाटलं चाबूक बसणार. अब्बांनी फक्त विचारलं, जादा तीन सवाऱ्यांचे किती आले? ते पैसे घेतले, मलाच बाजारात पाठवलं, हरभरा आणायला लावला आणि तोबरा माझ्याच हातानं त्याच्या तोंडाला बांधायला लावला. म्हणाले, "उसकू जबान नै. मेरेकू है ना."

अब्बा चौथी शिकलेले. हे त्यांना कुठून आलं ते मला खूप उशिरा कळलं, तेही पुस्तकं वाचताना.

आता खलिफाची चिठ्ठी. उमर बिन अब्दुल अझीझ, उमय्या घराण्यातले, ७१७ ते ७२० एवढीच त्यांची कारकीर्द. इजिप्तमधल्या आपल्या अधिकाऱ्याला त्यांनी कळवलं की तिकडं एकेका उंटावर १००० रतल ओझं लादतात असं कानावर आलंय; हे पत्र पोचल्यावर ६०० रतलाच्या वर ओझं लादल्याचं मला ऐकू येता कामा नये. रतल हे तेव्हाचं वजनाचं माप. मला यातलं 'कानावर आलंय' फार आवडतं. दमास्कसच्या बाजूला बसलेल्या माणसाच्या कानावर इजिप्तमधल्या उंटाचं ओझं आलं, आणि तेवढ्यावर हुकूम निघाला, तोही आकड्यासकट. 'प्राण्यांशी प्रेमानं वागा' असं लिहिलं असतं तर आज कुणाला आठवलंही नसतं.

पण हुकूम खलिफाच्या मनावर. खलिफा बदलला की संपलं. प्रश्न कोर्टाचा होता, आणि इथं खरी मजा आहे.

समजा एक माणूस आपल्या बैलाला चारा घालत नाही. शेजाऱ्यानं काझीला सांगितलं. काझी त्या माणसाला चारा घालायला भाग पाडू शकतो का? आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. हनफींचं फार मानलं जाणारं पुस्तक म्हणजे 'हिदाया', लिहिणारे बुरहानुद्दीन मरगीनानी, मृत्यू ११९७. (कंपनी सरकारच्या कोर्टांसाठी १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टननं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, म्हणून आपल्या कायद्याच्या इतिहासातही ते आहे.) त्यात उत्तर असं की गुलामाला मालक जेवण देत नसेल तर काझी सक्ती करू शकतो, जनावराच्या बाबतीत नाही. कारण गुलाम माणूस आहे, तो हक्क मागू शकतो. जनावर हक्क मागणाऱ्यांत मोडत नाही. मालकानं चारा घालायलाच हवा, नाही घातला तर तो अल्लाहचा गुन्हेगार. पण तो मामला त्याचा आणि अल्लाहचा. कोर्टाचा नाही.

म्हणजे आमचा पिकअपवालाच. कुणाची तक्रार आहे का?

पण त्याच पुस्तकात, त्याच जागी, एक वेगळं मतही नोंदवलंय. ते अबू यूसुफ यांचं. हे इमाम अबू हनीफांचे शिष्य आणि हारून अल-रशीदच्या काळातले मुख्य काझी, मृत्यू ७९८. ते म्हणतात, काझी सक्ती करेल. हिदाया लिहिणाऱ्यांनी हे मत नोंदवून वर शेरा मारला की पहिलं मतच जास्त बरोबर. पुढं हनफींतल्याच काही मोठ्या विद्वानांनी अबू यूसुफांची बाजू घेतली. मला वाटतं याचं एक साधं कारण असावं. अबू यूसुफ प्रत्यक्ष काझीच्या खुर्चीवर बसलेले होते. ज्यानं कोर्ट चालवलंय त्याला माहीत असतं की 'हा तुझा आणि देवाचा मामला' असं म्हणून माणसाला सोडलं की तो दारातून हसत बाहेर पडतो.

शाफई पंथात तर शंकाच ठेवलेली नाही. काझीनं मालकाला सांगायचं: चारा घाल, नाहीतर वीक, आणि खाण्यातलं जनावर असेल तर हवं तर कापून मोकळा हो. यातलं काहीच करत नसेल तर काझीनं स्वतः करायचं. आणि पुढचं वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. इमाम नववी, मृत्यू १२७७, हेही सीरियातले. ते विचारतात की मालकाकडं पैसे नाहीत आणि जनावर आंधळं-लंगडं आहे, कुणी विकतही घेत नाही, मग काय? मग खर्च सरकारी खजिन्यातून करायचा.

आपल्याकडं कोकणातले मुसलमान शाफई आहेत आणि आम्ही देशावरचे हनफी. रत्नागिरीकडचा एक पत्रकार मित्र यावरून मला चिडवतो, की आमच्या बैलाला कोर्ट आहे, तुमच्या बैलाला फक्त अल्लाह आहे.

कोर्टाची अडचण सोडवायला आणखी एक माणूस होता. मुहतसिब. बाजाराचा निरीक्षक म्हणा. वजनं-मापं बघायची, दुधातलं पाणी पकडायचं, रस्ते मोकळे ठेवायचे. काझी आणि मुहतसिब यांच्यातला मोठा फरक हा की काझीपुढं कुणीतरी फिर्याद घेऊन यावं लागतं, मुहतसिबाला फिर्यादीची गरज नाही. डोळ्यांना दिसलं की हात घालायचा. बाराव्या शतकात सीरियात शैझरी नावाच्या लेखकानं या अधिकाऱ्यांसाठी एक हातपुस्तकच लिहिलं. त्यात ओझ्याच्या जनावरांबद्दल आहे: ताकदीबाहेर लादू देऊ नका, लादलेलं असताना पळवू देऊ नका, जोरात मारू देऊ नका, आणि बाजारात थांबायचं असेल तर पाठीवरचं ओझं आधी उतरवायला लावा. खाटकांबद्दलही आहे. बकऱ्याला पायाला धरून फरफटत न्यायचं नाही, बोथट सुरी वापरायची नाही, जीव पूर्ण गेल्याशिवाय कातडं सोलायला घ्यायचं नाही.

हे सगळं लिहावं लागलं याचा अर्थ बाजारात नेमकं उलटं चालत असणार, हे पत्रकाराला सांगायची गरज नाही. आमच्या नगरपालिकेसमोर 'येथे कचरा टाकू नये' हा बोर्ड कुठं लावलेला असतो?

या सगळ्याच्या आधी, दहाव्या शतकात, बसऱ्यात एक गंमत होऊन गेली होती. तिथं काही विद्वानांचं एक गुप्त मंडळ होतं, इखवान अल-सफा. आपली नावं त्यांनी लपवली, पण पन्नासच्या वर छोटे ग्रंथ लिहिले. गणित, संगीत, तारे, सगळ्यावर. त्यातला बाविसावा ग्रंथ जनावरांवर आहे, आणि तो चक्क खटल्याच्या रूपात लिहिलाय. त्याचं उर्दू भाषांतर मौलवी इकराम अली यांनी १८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी केलं. गोऱ्या साहेबांना उर्दू शिकवायला! म्हणजे इंग्रज पोरं हिंदुस्थानावर राज्य करायच्या तयारीत जे पुस्तक वाचत होती, त्यात गाढव विचारत होतं की माझ्यावर राज्य करायचा अधिकार तुला दिला कुणी. माझ्याकडची प्रत हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. माझं उर्दू वाचन बैलगाडीच्या वेगाचं आहे, तरी चार रात्रींत संपवलं.

गोष्ट अशी. एका बेटावर जनावरं सुखात राहत असतात. वादळात एक जहाज फुटतं, माणसं बेटावर येतात, राहायला लागतात आणि जनावरांना धरून जुंपायला लागतात. म्हणतात, हे आमचे पळालेले गुलाम. जनावरं जिन्नांच्या राजाकडं दाद मागतात. माणसांचा वकील उभा राहतो आणि धर्मग्रंथाचाच आधार देतो, की जनावरं माणसासाठी निर्माण केलीत असं लिहिलंय. खेचर उत्तराला उठतं. ते म्हणतं, त्या आयतींत उपकाराची आठवण दिलीय, मालकीचा कागद नाही. सूर्य, चंद्र, वारासुद्धा माणसाच्या कामाला लावलाय असं त्याच ग्रंथात आहे, मग तेही यांचे गुलाम का?

माणसं म्हणतात, आम्ही यांना चारा घालतो, थंडी-उन्हापासून सांभाळतो. उत्तर येतं: आमची दया येते म्हणून नाही, आम्ही मेलो तर तुमचे पैसे बुडतात म्हणून. मग एकेक जण उठतो. गाढव विटा-दगडांचं सांगतं. बैल डोळे बांधून घाण्याला फिरवतात ते सांगतो. उंट नाकातल्या दोरीचं, हत्ती अंकुशाचं, घोडा लढाईचं. ससा तर घोड्यावरच चिडतो, की शिकारीत माणसाला पाठीवर घेऊन आमच्यामागं पळणारा तूच. आणि डुकरालाही बोलू दिलंय! ते म्हणतं, मुसलमान आम्हाला अपवित्र म्हणतात, यहुदी शिव्या देतात, रूमचे लोक आवडीनं खातात, आम्ही नेमकं करायचं काय? दहाव्या शतकातल्या मुसलमानांनी मुसलमान वाचकांसाठी हे लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

शेवटी खटला जनावरं हरतात. सगळे युक्तिवाद खोडून निघाल्यावर माणसांच्या बाजूनं एक मुद्दा येतो की आम्हाला मेल्यानंतरचं आयुष्य आहे, आमच्यात संत होतात. राजा त्यावर निकाल देतो की जनावरांनी माणसाच्या हुकमात राहावं. वाचताना मला तो निकाल कमजोर वाटला. हुशार लेखकांनी आपल्या बाजूचा वकील मुद्दाम कच्चा ठेवलाय की काय असंही वाटलं. ज्याला इतिहासात कोर्टात उभं राहता येत नाही त्याला त्यांनी निदान पुस्तकात उभं केलं, आणि पोटभर बोलू दिलं.

या कहाणीत अजून एक माणूस यायचाय, इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम. दमास्कसचे शाफई विद्वान, मृत्यू १२६२ मध्ये कैरोत. त्यांना 'विद्वानांचा सुलतान' म्हणायचे. इजिप्तमध्ये काझी असताना त्यांनी सांगून टाकलं की इथले ममलूक सरदार कागदोपत्री अजून सरकारी गुलामच आहेत, त्यांना आधी लिलावात विकून पैसे खजिन्यात भरा, मग त्यांचे व्यवहार कायदेशीर. सरदार खवळले. सुलतानानंही ऐकेना म्हटल्यावर यांनी सामान गाढवावर लादलं आणि शहर सोडून निघाले. मागून अर्धं कैरो निघालं असं सांगतात. शेवटी सुलतानाला जाऊन त्यांना परत आणावं लागलं, आणि सरदारांचा लिलाव झाला.

अशा माणसानं जनावरांचे माणसावरचे हक्क नीट मांडून लिहून ठेवलेत. दया-बिया नाही, 'हक्क' हाच शब्द. त्यात आहे की झेपेल तेवढंच ओझं लादायचं. मारकं जनावर दुसऱ्यासोबत बांधायचं नाही, मग ते त्याच्या जातीचं असो की दुसऱ्या. बसायची जागा आणि पाण्याची जागा चांगली ठेवायची. माजावर आल्यावर नर-मादीला एकत्र येऊ द्यायचं. कापायचं तर नीट कापायचं, अंग गार होण्याआधी सोलायचं नाही, हाड मोडायचं नाही. पिल्लाला आईच्या डोळ्यांसमोर कापायचं नाही. आणि सगळ्यात आधी काय आहे? जनावराचा खर्च उचलायचा, ते म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याचा काडीचा उपयोग उरला नाही तरी उचलायचा.

१९९६ च्या सुमाराला आमच्या गावात रिक्षा आल्या आणि दोन वर्षांत टांगे संपले. आमचा घोडा तोपर्यंत म्हातारा झालेला, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. लग्नाच्या वरातीलाही कुणी नेईना. अब्बा रिक्षा स्टँडवर दुसऱ्याची गाडी पुसायला लागले होते. मी अकरावीत. घरात फी भरायची ओढाताण आणि कडुनिंबाखाली तो उभा, रोज घास खात. चुलते म्हणायचे, सोडून द्या कुठंतरी माळावर. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू. अब्बांनी तीन वर्षं त्याला तसाच पोसला. मेला तेव्हा नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमागं पायी चालत हद्दीपर्यंत गेले. इज्जुद्दीन हे नाव अब्बांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. पण मशिदीच्या पायरीवर, कुणाच्या तरी वाझमध्ये, कुण्या म्हाताऱ्या टांगेवाल्याच्या तोंडून ते कलम ७०० वर्षं चालत चालत आमच्या कडुनिंबाखाली आलं होतं, असं मला आता वाटतं.

म्हणून सगळं सोन्याचं होतं असं कुणी समजू नका. जनावरांच्या झुंजी लावायला हदीसेत मनाई सांगितलीय, आणि आग्र्याच्या किल्ल्याखाली मोगल बादशहा हौसेनं हत्तींच्या झुंजी लावत होते. जहांगीरनं तर आत्मचरित्रात आपल्या शिकारीचा हिशेबच दिलाय, वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्याच्या अकराव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हातानं मारलेली जनावरं आणि पक्षी १७,१६७. जो चिमणी उगाच मारेल त्याच्याविरुद्ध ती कयामतीच्या दिवशी फिर्याद करील, अशी एक हदीस आहे. त्या हिशेबानं बादशहासलामतांचं प्रकरण बराच वेळ चालणार.

वक्फाचंही तसंच. कैरोत सुलतान बैबर्सनं, राज्य १२६० ते १२७७, बेवारस मांजरांसाठी एक बाग वक्फ केली होती. एडवर्ड लेन या इंग्रजानं १८३६ च्या पुस्तकात लिहिलंय की मधल्या काळात ती बाग विकत-विकत गेली आणि वर्षाला १५ पियास्तर एवढंच भाडं हातात उरलं. पण वक्फाची जबाबदारी काझीची, म्हणून खर्च काझीच्या अंगावर पडला. रोज दुपारनंतर अस्रच्या सुमाराला काझीच्या कोर्टाच्या अंगणात खाटकांकडचे तुकडे आणायचे आणि गावची मांजरं जमायची. जमीन गेली, पैसे गेले, पण मांजरं रोज कोर्टात हजर. वक्फच्या जमिनींच्या बातम्या वीस वर्षं करतोय, त्यामुळं यातला पहिला अर्धा भाग मला अगदी ओळखीचा वाटला.

आणि आता आपलं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा. त्यातल्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. ५० रुपयांत आमच्या स्टँडवर दोघांची मिसळ होत नाही. कत्तलखान्यांचे नियम २००१ चे, त्यात आहे की एका जनावरासमोर दुसरं कापू नये. वाचून इज्जुद्दीन आठवले. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १८ मे २०२३ ला बैलगाडा शर्यत आणि जल्लीकट्टूला परवानगी देताना म्हटलं की जनावरांना मूलभूत हक्क आहेत असं सांगणारा दाखला नाही. हिदायाच्या लेखकानं मान डोलावली असती.

२०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आहे. त्यावर माझं काय मत आहे ते इथं लिहीत बसत नाही, कमेंटमध्ये रणकंदन नको. पण दुष्काळात तिसऱ्या वर्षी म्हातारा बैल दावणीला असलेला शेतकरी, जात-धर्म कोणताही, मला अब्बांसारखाच दिसतो. त्याला विकता येत नाही, पोसता येत नाही, रात्री माळावर सोडून येतो आणि घरी येऊन जेवत नाही. नववींनी विचारलेला प्रश्न हाच. विकत घ्यायला कुणी नाही, मालकाकडं पैसे नाहीत, आता कुणाच्या खजिन्यातून?

ईदच्या आधीच्या जुम्याला मी आमच्या इमामसाहेबांकडं एक कागद घेऊन गेलो. इज्जुद्दीनची यादी मराठीत उतरवलेली. म्हटलं, खुतब्यात सांगा. ते म्हणाले, सगळं नाही सांगता येणार, लोक उन्हात बसलेले असतात. पण दोन गोष्टी सांगितल्या. सुरी जनावरासमोर घासू नका, आणि एकासमोर दुसऱ्याला कापू नका. पोरांनी मोबाईलवर शूटिंग करू नये, हे त्यांनी स्वतःहून जोडलं, ते माझ्या कागदात नव्हतं.

ईदच्या दिवशी आमच्या गल्लीत दोन घरांनी मध्ये ताडपत्री बांधली. बाकीच्यांनी नाही. एकानं तर मला बघून घाईघाईनं चादर धरली आणि मी पुढं गेल्यावर सोडली, ते मी वळून पाहिलं.

पिकअपचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बातमी लिहिली होती, दोन कॉलमची आवक-भावाची लागली, फळ्यांचा परिच्छेद जागेअभावी गेला. तुमच्या तालुक्याच्या बाजारात अशा गाड्या कोण तपासतं, तपासतं तरी का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.